मतं जास्त तरी विरोधात: न्यूझीलंडने निवडणूक पद्धतच बदलली त्याचं प्रकरण

१९७८ साली न्यूझीलंडमध्ये निवडणूक झाली. लेबर पक्षाला ४०.४ टक्के मतं, नॅशनल पक्षाला ३९.८. आणि सरकार कोणाचं आलं तर नॅशनलचं, ९२ पैकी ५१ जागा घेऊन. लेबर ४० वर अडकला. आता कोणी म्हणेल होतं असं कधीतरी, एखाद्या मतदारसंघात तुम्ही ढीगभर लीड घेता आणि बाकी चार ठिकाणी थोडक्यात पडता. ठीक आहे, एकदा सोडून देऊ. पण तीन वर्षांनी १९८१ ला परत तेच झालं, लेबर ३९.० टक्के, नॅशनल ३८.८, आणि ४७ जागांवर परत नॅशनलचंच सरकार.

आणि या दोघांच्या मारामारीत जो तिसरा होता त्याचं बघा. सोशल क्रेडिट नावाचा पक्ष. १९७८ ला १६ टक्के मतं आणि जागा एक. १९८१ ला २०.७ टक्के, म्हणजे मत द्यायला गेलेल्या दर पाच माणसांतला एक जण यांना मत देऊन घरी आला, आणि जागा मिळाल्या दोन. १९८४ ला बॉब जोन्स नावाच्या प्रॉपर्टीवाल्या उद्योगपतीने नवीन पक्ष काढून १२ टक्के मतं घेतली, जागा शून्य.

पद्धत तीच जी आपली आहे. एक मतदारसंघ, एक आमदार किंवा खासदार, सगळ्यात जास्त मतं त्याचा गुलाल, बाकीच्यांची मतं गेली. तिकडेही ती ब्रिटिशांकडूनच आलेली. म्हणून हे प्रकरण मला आपल्यासाठी वाचण्यासारखं वाटतं, कारण ज्या देशात ही पद्धत शंभर वर्षांहून जास्त मुरलेली होती तिथे लोकांनी ती मतदान करून घालवली, आणि ते सुद्धा दोन्ही मोठ्या पक्षांच्या बहुतेक नेत्यांच्या मनाविरुद्ध. हे कसं झालं हाच खरा प्रश्न आहे. नवी पद्धत चांगली की वाईट हे नंतर बघू.

आधी थोडी परिस्थिती

न्यूझीलंडला वरचं सभागृह नाही. होतं, पण १९५० च्या कायद्याने ते बंद करून टाकलं. आपल्यासारखी एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाही, त्यामुळे संसदेने केलेला कायदा कोर्टाने रद्द केला असला प्रकार नाही. राज्य सरकारं नाहीत. म्हणजे संसदेत एका मताने जरी बहुमत असलं आणि पक्षात शिस्त असली तर मंत्रिमंडळ जे ठरवेल तो कायदा. ब्रेक कुठेच नाही. १९७५ ते १९८४ नॅशनलचे रॉबर्ट मल्डून पंतप्रधान होते आणि अर्थमंत्रीही तेच होते, दोन्ही खाती स्वतःकडे, आणि १९८२ ला त्यांनी देशभर पगार आणि किमती गोठवून टाकल्या. ज्या माणसाच्या पक्षाला विरोधकापेक्षा कमी मतं होती त्याने हे केलं, हे लक्षात ठेवा.

जेफ्री पामर नावाचे कायद्याचे प्राध्यापक या सगळ्यावर लिहीत होते, १९७९ ला पोटनिवडणुकीत लेबरकडून निवडून आले. १९८४ ला लेबरचं सरकार आलं, डेव्हिड लाँगी पंतप्रधान, पामर उपपंतप्रधान आणि न्यायमंत्री. दोनदा मतं जास्त मिळवून विरोधात बसल्याचा राग पक्षात ताजा होता, त्यामुळे १९८५ ला पामरनी निवडणूक पद्धतीवर एक रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, नेमून टाकलं. मला वाटतं बाकीच्या मंत्र्यांनी त्याकडे फार लक्ष दिलं नसावं. कमिशन म्हणजे काय, अहवाल येणार, कपाटात जाणार. आपल्याला हा अनुभव नवीन नाही.

पण कमिशन नेमताना एक गोष्ट वेगळी केली ती फार महत्त्वाची ठरली. त्यात आजी माजी खासदार एकही नव्हता. अध्यक्ष जॉन वॉलेस हे न्यायाधीश, बाकी चार जणांत कायद्याचा माणूस, राज्यशास्त्राचे प्राध्यापक, संख्याशास्त्रातला माणूस, आणि व्हेटू वेरेटा या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, समाजातल्या संशोधक. पाच जण. त्यांनी आधी दहा निकष ठरवले: पक्षांमध्ये न्याय होतो का, माओरींना नीट प्रतिनिधित्व मिळतं का, अल्पसंख्य गटांना मिळतं का, सरकार चालतं का, मतदाराला आपला असा खासदार असतो का, वगैरे. मग प्रत्येक पद्धत त्या दहांवर घासून बघितली. डिसेंबर १९८६ ला अहवाल आला आणि त्यांनी एकमताने सांगितलं की सध्याची पद्धत सोडा आणि पश्चिम जर्मनीत १९४९ पासून आहे तसली मिश्र प्रमाणशीर पद्धत घ्या, म्हणजे मतदारसंघही राहतात पण पक्षाला जागा मतांच्या प्रमाणात मिळतात, तिकडे तिला एमएमपी म्हणतात. संसद १२० ची करा. आणि निर्णय लोकांना विचारून घ्या, सार्वमत घ्या.

हे शेवटचं वाक्य नसतं तर अहवाल कपाटातच गेला असता असं माझं मत.

चुकून दिलेलं वचन

लेबरच्या खासदारांना अहवाल बघून घाम फुटला असणार. कारण सरळ आहे, जो माणूस जुन्या पद्धतीने निवडून आलाय त्याला ती पद्धत वाईट कशी वाटेल. विषय बाजूला पडायला लागला. आणि मग १९८७ च्या निवडणुकीआधी टीव्हीवर दोन नेत्यांची चर्चा झाली त्यात लाँगी म्हणून गेले की आम्ही यावर सार्वमत घेऊ. पक्षाचं तसं काही ठरलंच नव्हतं. नंतर सांगितलं गेलं की समोरच्या टिपणातलं वाचताना चूक झाली. निवडणूक लेबर जिंकला, सार्वमत काही घेतलं नाही.

आता इथे नॅशनलचे जिम बोल्जर येतात. ते काही प्रमाणशीर पद्धतीचे भक्त नव्हते. पण विरोधी पक्षनेत्याला याहून सोपा मुद्दा कुठे मिळणार, समोरच्याने टीव्हीवर वचन देऊन मोडलंय. तर नॅशनलने १९९० च्या निवडणुकीत सांगितलं की लेबरने जे केलं नाही ते आम्ही करू, सार्वमत आम्ही घेऊ. दोघांपैकी कोणालाच पद्धत बदलायची नव्हती पण एकमेकांना अडकवण्याच्या नादात दोघांनी मिळून दार उघडून ठेवलं.

तरी एवढ्याने लोक पेटत नाहीत. टक्केवारीसाठी कोणी रस्त्यावर येत नाही, ना तिकडे ना इकडे. लोक चिडले ते दुसऱ्याच कारणाने. १९८४ ला ज्यांनी लेबरला मत दिलं त्यांनी कामगारांचा पक्ष म्हणून दिलं होतं, आणि त्या सरकारात अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी जे केलं ते बरोबर उलटं होतं: शेतीची सबसिडी काढली, डॉलर बाजारावर सोडला, जीएसटी आणला, सरकारी खात्यांच्या कंपन्या केल्या आणि पुढे विकायला काढल्या. यातलं बरंचसं करावंच लागणार होतं असं म्हणणारे लोक आजही आहेत, मी त्या वादात पडत नाही. मुद्दा एवढाच की जाहीरनाम्यात लोकांना हे कोणी विचारलं नव्हतं. पक्ष आतून फाटला, लाँगींनी १९८९ ला राजीनामा दिला, मग पामर, मग निवडणुकीच्या तोंडावर माइक मूर, वर्ष सव्वा वर्षात तीन पंतप्रधान.

१९९० ला लोकांनी लेबरला झोडून काढलं. नॅशनलला ४८ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ९७ पैकी ६७ जागा. आता तरी थांबेल असं वाटलं होतं लोकांना, पण नव्या अर्थमंत्री रूथ रिचर्डसन यांनी त्याच रस्त्यावर गाडी आणखी जोरात पळवली, बेकार आणि एकट्या आयांना मिळणारे भत्ते कापले. म्हाताऱ्यांच्या पेन्शनवर जो जादा कर होता तो काढू असं बोल्जरनी अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं, १९९१ च्या बजेटमध्ये उलट पेन्शनच आणखी आवळली.

म्हणजे बघा, डावीकडे मत दिलं तरी तेच, उजवीकडे दिलं तरी तेच, आणि तिसऱ्याला दिलं तर मत वाया. आगीतून फुफाट्यात. या टप्प्यावर कमिशनचा तो पाच वर्ष जुना अहवाल अचानक लोकांच्या कामाचा झाला. तयार पडलेला होता, नेमकं काय करायचं ते आकड्यांसकट त्यात लिहिलेलं होतं. राग अनेक देशांत असतो, पण राग आला त्या दिवशी छापील आराखडा हाताशी असणं फार थोड्या ठिकाणी होतं.

दोन सार्वमतं

पहिलं झालं १९ सप्टेंबर १९९२ ला. (बरोबर ९९ वर्षांपूर्वी, १९ सप्टेंबर १८९३ ला, याच देशात बायकांना मताधिकार देणाऱ्या कायद्यावर सही झाली होती, जगात देश म्हणून पहिला.) मतपत्रिकेवर दोन भाग. पहिल्यात विचारलं पद्धत ठेवायची की बदलायची. दुसऱ्यात, बदलायची झालीच तर या चारपैकी कोणती. यातली मेख अशी की नेत्यांना वाटत होतं चार पर्यायांत मतं फुटतील, गोंधळ होईल आणि विषय आपोआप मरेल. झालं असं की ८४.७ टक्के लोक म्हणाले बदला, आणि पर्यायांमध्ये एमएमपीला एकटीला ७०.५ टक्के. मतदान मात्र ५५ टक्केच होतं आणि हे सार्वमत बंधनकारकही नव्हतं, त्यामुळे दुसरं घ्यायचं ठरलं, यावेळी बंधनकारक, १९९३ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशीच.

आता उद्योगजगत जागं झालं. पीटर शर्टक्लिफ, टेलिकॉम कंपनीचे चेअरमन, त्यांनी जुनी पद्धत वाचवायला मोहीम काढली. टीव्हीवर जाहिराती, मुद्दा असा की नव्या पद्धतीत पक्षाच्या यादीतून बिनचेहऱ्याचे खासदार येतील, ज्यांना कोणी निवडलेलं नाही. मुद्दा अगदीच खोटा नव्हता, त्याकडे मी खाली येतो. समोर बदलाच्या बाजूने साधे कार्यकर्ते, घरोघर पत्रकं, सभा, पैसा त्यामानाने काहीच नाही. जाहिरातींचा परिणाम झाला, १९९२ ची ती ८५ टक्क्यांची हवा बरीच खाली आली. पण दुसऱ्या बाजूने असंही झालं असावं की ज्या मोठ्या कंपन्यांवर लोक चिडलेले होते त्यांचेच लोक टीव्हीवर येऊन सांगतायत बदल करू नका, म्हणजे बदलात काहीतरी आपल्या फायद्याचं असणार.

६ नोव्हेंबर १९९३. मतदान ८५ टक्के. एमएमपीला ५३.९, जुन्या पद्धतीला ४६.१. आणि त्याच दिवशी जुन्या पद्धतीने जाता जाता आपला शेवटचा नमुना दाखवला: नॅशनल ३५ टक्के मतांवर ९९ पैकी ५० जागा, म्हणजे बहुमत, आणि डाव्या पक्षांच्या आघाडीला, अलायन्सला, १८ टक्के मतं आणि दोन जागा. बहुमत इतकं काठावर होतं की सभापती कोणाला करायचं हा प्रश्न पडला, कारण आपला माणूस खुर्चीवर बसवला की एक मत कमी, शेवटी लेबरच्याच पीटर टॅपसेलना सभापती करून सरकारने वेळ मारून नेली.

पद्धत चालते कशी

मतदाराला दोन मतं. एक पक्षाला, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. दोन्ही वेगवेगळ्या पक्षांना दिली तरी चालतं. मतदारसंघात जास्त मतं त्याची सीट, ते जुन्यासारखंच. पण संसदेत कोणाच्या एकूण किती जागा हे ठरतं फक्त पक्षाच्या मतावरून. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, ३, ५, ७ असं भागत जायचं, येणाऱ्या सगळ्या संख्यांमधल्या मोठ्या १२० निवडायच्या, ज्याच्या जितक्या संख्या त्यात आल्या तितक्या त्याच्या जागा. मग बघायचं की मतदारसंघांतून किती आले, आणि राहिलेले पक्षाने आधीच नंबर लावून दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून वरून खाली भरायचे.

१९९६ चा आकडा घेतला की समजतं. नॅशनलला ३३.८ टक्के मतं, हक्काच्या जागा ४४. मतदारसंघांतून आले ३०, म्हणून यादीतले वरचे १४ आत. लेबर ३७ जागा, त्यात २६ मतदारसंघांतले, ११ यादीतले. आणि अलायन्स, जो १९९३ ला १८ टक्क्यांवर दोन जागा घेऊन रडत होता, त्याने यावेळी फक्त १० टक्के घेतली आणि जागा १३, त्यातली मतदारसंघातून जिंकलेली एकच.

अट एकच, यादीतून जागा हव्या तर देशभर किमान ५ टक्के मतं हवीत किंवा एखादा तरी मतदारसंघ जिंकलेला हवा. कमिशनने ४ टक्के सुचवले होते, संसदेने कायदा करताना ५ केले. हा एक टक्का पुढे बराच गाजणार आहे.

माओरींची गोष्ट इथेच सांगतो कारण कमिशनचं इथे चुकलं असं मला वाटतं. माओरींसाठी १८६७ पासून चार राखीव जागा होत्या, लोकसंख्या कितीही वाढो चारच. कमिशनचं म्हणणं, नव्या पद्धतीत सगळेच पक्ष माओरी मतं मागायला येतील, यादीत माओरी उमेदवार घेतील, तर राखीव जागांची गरज नाही, काढून टाका. माओरी समाजात सभा झाल्या आणि त्यांनी ठाम सांगितलं की आमच्या जागा आमच्याकडेच राहतील. शेवटी जागा राहिल्या आणि वर सुधारणा अशी झाली की किती माओरी लोक माओरींच्या वेगळ्या मतदार यादीत नाव घालतात त्यावर जागांची संख्या ठरेल. १९९६ ला पाच झाल्या, २००२ पर्यंत सात. ज्यांच्यासाठी व्यवस्था करताय त्यांना विचारलं की आराखडा बदलतो, आणि इथे तो चांगल्यासाठी बदलला.

पहिलीच निवडणूक आणि भ्रमनिरास

१२ ऑक्टोबर १९९६ ला नव्या पद्धतीची पहिली निवडणूक. नॅशनल ४४, लेबर ३७, विन्स्टन पीटर्स यांचा न्यूझीलंड फर्स्ट १७, अलायन्स १३, अॅक्ट ८, युनायटेड १. कोणालाच बहुमत नाही, चाव्या पीटर्सच्या हातात. हा माणूस आधी नॅशनलमध्येच होता, मंत्रिमंडळातून काढलं होतं, मग स्वतःचा पक्ष काढला. प्रचारात नॅशनलला धू धू धुतलं होतं, माओरींच्या पाचही जागा जिंकल्या होत्या, त्या जागा अर्धशतक लेबरच्या घरच्या समजल्या जायच्या. त्यामुळे त्यांना मत दिलेल्या बऱ्याच लोकांना वाटलं आता लेबरबरोबर जाणार. जवळजवळ दोन महिने दोन्हीकडे बोलणी करून गेले नॅशनलबरोबर, स्वतः उपपंतप्रधान आणि खजिन्याची चावी आपल्याकडे. २०१९ चा नोव्हेंबर महिना बघितलेल्या महाराष्ट्राच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे १९९७ अखेर बोल्जरना त्यांच्याच पक्षाने घालवून जेनी शिप्लींना आणलं, ऑगस्ट १९९८ ला वेलिंग्टन विमानतळातला सरकारी हिस्सा विकण्यावरून पीटर्स बाहेर, आणि त्यांच्या पक्षातले कितीतरी खासदार सत्तेला चिकटून राहिले. यादीतून आलेला खासदार पक्ष सोडतो आणि तरी खुर्चीवर बसतो, म्हणजे ज्या मतांवर तो आला ती पक्षाची मतं होती ना! लोकांचा संताप झाला. १९९९ च्या निवडणुकीबरोबर एक नागरिकांनी मागितलेलं सार्वमत झालं, खासदार परत ९९ करा म्हणून, ८१ टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. बंधनकारक नव्हतं, संसदेने ऐकलं नाही. संसद लोकांचं प्रतिनिधित्व करते का या विषयावरच्या प्रकरणात ही गंमत नोंदवून ठेवावी अशी आहे. पक्षांतराविरुद्ध कायदा २००१ मध्ये झाला, मुदत संपून गेला, २०१८ मध्ये परत आणला.

मिळालं काय

संसद लोकांसारखी दिसायला लागली, हे खरं. १९९३ ला ९९ पैकी २१ बायका होत्या, १९९६ ला १२० पैकी ३५. माओरी खासदारांची संख्या एका झटक्यात जवळपास दुप्पट झाली. आशियाई वंशाच्या पहिल्या खासदार पॅन्सी वाँग १९९६ लाच आल्या, यादीतून. भारतात जन्मलेले कंवलजीत सिंग बक्षी २००८ ला नॅशनलच्या यादीतून, चेन्नईत जन्मलेल्या प्रियांका राधाकृष्णन २०१७ ला लेबरच्या यादीतून आल्या आणि २०२० ला मंत्री झाल्या. मतदारसंघात एकच तिकीट असलं की पक्ष सेफ उमेदवार बघतो, म्हणजे बहुतेक वेळा तोच प्रस्थापित पुरुष. पण चाळीस नावांची यादी छापायची म्हटलं की सगळे एकाच साच्यातले दिसले तर पक्षालाच लाज वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर बायका पुरुषांपेक्षा एकने जास्त झाल्या, त्या दिवशी सोराया पेके-मेसन यांनी शपथ घेतली, पक्षाच्या यादीतलं पुढचं नाव त्यांचं होतं, वरच्या खासदाराने जागा सोडली म्हणून आत आल्या, पोटनिवडणूक नाही काही नाही. कायद्याने महिला आरक्षण नसताना हे झालंय. आपल्या लोकसभेत २०२४ ला ५४३ पैकी ७४, आणि २०२३ चं आरक्षण जनगणना, मतदारसंघ पुनर्रचना यांच्या दारात उभं.

एका पक्षाने एका रात्रीत काहीही कायदा करावा हेही बंद झालं, निदान खूप अवघड झालं. १९९६ नंतर एकट्याचं बहुमत फक्त २०२० ला आलं, जॅसिंडा आर्डर्न यांच्या लेबरला, ६५ जागा, पण तिथे मतंही अर्धी होती, बरोबर ५० टक्के.

आणि ती बिनचेहऱ्याच्या खासदारांची तक्रार, ती काही प्रमाणात खरी ठरली. यादीत कोण कितव्या नंबरवर हे पक्ष ठरवतो, मतदार नंबर बदलू शकत नाही. मतदारसंघात आपटलेला उमेदवार यादीतून संध्याकाळी परत खासदार. शर्टक्लिफ यांची मोहीम हरली पण मुद्दा राहिला.

त्याहून मोठी भानगड त्या पाच टक्क्यांची आणि एका जागेच्या सवलतीची. १९९९ ला पीटर्सच्या पक्षाला साडेचार टक्क्यांच्याही आत मतं होती, पण पीटर्स स्वतः टाउरंगा मतदारसंघातून ६३ मतांनी जिंकले म्हणून पक्षाला पाच जागा. ६३ मतं! २००८ ला तेच टाउरंगात हरले, पक्षाला ४.०७ टक्के, जागा शून्य. आणि त्याच निवडणुकीत अॅक्टला ३.६५ टक्के, म्हणजे कमी, पण ऑकलंडमधला एप्सम मतदारसंघ जिंकलेला, म्हणून पाच जागा. ज्या अन्यायावरून एवढं रामायण झालं तो मागच्या दाराने परत आत आला की नाही?

मग पक्षांनी सेटिंग सुरू केलं. नोव्हेंबर २०११, एप्सम भागातलं एक कॅफे. पंतप्रधान जॉन की आणि अॅक्टचे उमेदवार जॉन बँक्स कॅमेऱ्यांसमोर चहा प्यायला बसले. मतदाराला न बोलता सांगायचं होतं की बाबांनो पक्षाचं मत नॅशनलला द्या पण उमेदवाराचं मत याला द्या. नॅशनलचा स्वतःचा उमेदवार तिथे उभा होता बरं का, त्याने गपचूप फक्त पक्षाचं मत मागायचं. एका कॅमेरामनचा रेकॉर्डर टेबलावर राहिला आणि दोघांचं बोलणं टेप झालं, मग पोलिस तक्रार, आठवडाभर तोच विषय. बँक्स जिंकले. एवढं होऊनही त्याच दिवशी पद्धत ठेवायची का यावर परत सार्वमत होतं, त्यात ५७.८ टक्के लोक एमएमपी ठेवा म्हणाले.

२०१२ ला निवडणूक आयोगाने सांगितलं मर्यादा ४ टक्के करा, एका जागेची सवलत काढा. पुढच्या स्वतंत्र समितीने साडेतीन टक्के सुचवले. झालेलं काही नाही, कारण बदल करणारे परत तेच, सध्याच्या नियमांवर निवडून आलेले.

आपल्याकडे बघताना

२०१४ च्या लोकसभेत भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा आणि बसपाला चार टक्क्यांच्या वर, म्हणजे सव्वादोन कोटींहून जास्त माणसांची मतं आणि भोपळा. या आकड्यांवर कोणाची सहानुभूती कोणाला हा भाग सोडा, पद्धत काय करते ते दिसतं. घटना समितीत जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर पद्धतीची दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली, एक कारण साक्षरता, दुसरं सरकारचं स्थैर्य. साक्षरतेचं कारण आज राहिलेलं नाही, स्थैर्याचं आहे, आणि ते हसण्यावारी न्यावं असं मला वाटत नाही. कारण जुन्या पद्धतीतही आपल्याकडे पक्ष फुटतायत, तर यादीवाली पद्धत आणून यादीची किल्ली पक्षश्रेष्ठींच्या हातात दिली तर काय होईल याचा विचार करून अंगावर काटा येतो.

म्हणून लोकसभेचं स्वप्न बघण्यापेक्षा मला महापालिका सोपी वाटते. २०१७ ला पुण्यात बहुतेक प्रभाग चार जागांचे होते, अ ब क ड. मतदार चार मतं देतो पण प्रत्येक जागेची लढत वेगळी, त्यामुळे ४० टक्क्यांचं एक पॅनल चारही जागा उचलून नेऊ शकतं, उरलेल्या ६० टक्क्यांचा त्या प्रभागात एकही नगरसेवक नाही. चार जागांचा प्रभाग आधीच आहे, मतदाराला चार बटणांची सवय आहे, फक्त त्या चार जागा प्रभागातल्या मतांच्या हिश्श्याने वाटल्या तर दोन एकाला, एक दुसऱ्याला, एक तिसऱ्याला असं होईल. अडचण आरक्षणाची आहे. अ जागा अनुसूचित जातीची, ब ओबीसी, मध्येच महिला, तर हिश्श्याने वाटताना कोणाच्या वाट्याला कोणती आरक्षित जागा जाणार आणि ते कोण ठरवणार, याचं गणित आधी कोणीतरी बसून कागदावर मांडायला पाहिजे, आणि मांडणारा नगरसेवक नसलेला बरा.